दिलेलं असताना

इंदोऱ्यात, जिन्याखालच्या खोलीत
साडेपाचची बॅच. एप्रिल.
कुलरची खस वाळली की हवा नुसतीच येते,
म्हणून दर दोन उदाहरणांनी कुणीतरी उठून
तांब्याभर पाणी मारायचं.
कोणी, ते फासा ठरवतो.
फाशाचा एक कोपरा झिजलाय,
सहा जरा जास्तच पडतात.
पुस्तकातले फासे मात्र सगळे निर्दोष.

पेटीत पाच लाल चेंडू, चार पिवळे.
मी म्हणतो, संत्री समजा, कळमन्याची दोन खोकी,
एकातली थोडी सडलेली...
मुलं हसतात. एप्रिलात कायची संत्री, सर!

उत्पला रामटेके हसत नाही.
तिच्या वहीत पेटी नाही, चेंडू नाहीत,
चार चौकटी आहेत.
आईचं सिकलसेलचं कार्ड पिवळं, बाबांचं पिवळं,
तर लेकरांसाठी
एक चौकट कोरी, दोन पिवळ्या, एक लाल.
लाल म्हणजे सुमेध, आठवीतला,
गुडघे पोटाशी घेऊन
रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडणारा.

"मी तपासलं नाही अजून.
पण मला तसं दुखत नाही कधी.
म्हंजे मी पिवळी असायची शक्यता अर्धी न जी?"

बावीस वर्षं हेच शिकवतोय,
तरी खडू हातात धरून उभा राहिलो.
नाही पोरी. चारात दोन, ते तू जन्मायच्या आधी.
आता तू पाचपावलीहून सायकल मारत आलीस,
धडधाकट, समोर बसलीस,
हे दिलेलं आहे.
दिलेलं असताना लाल चौकट खोडायची.
उरल्या तीन. तीनात दोन.

ती खोडते. पट्टी लावून, सरळ.
मग म्हणते,
"सर, ह्याच चौकटीत सुमेध आहे."

खस कधीची वाळली होती. कुणी उठलं नाही.

पुढचा धडा, यादृच्छिक चल.
क्ष म्हणजे काय घेऊ? छाप्यांची संख्या, मागून कुणी म्हणालं.
तिनं घेतलं:
क्ष, एका महिन्यात मेडिकलला काढलेल्या रात्री.
तिची आई गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर गोल करते,
त्यावरून तक्ता.
शून्य, सात महिने. एक, तीन महिने.
दोन, एकदा. तीन, एकदा, दिवाळीत.
बेरीज करून, बारानं भागून
अपेक्षित मूल्य, दोन तृतीयांश.
मी पुन्हा करून पाहिलं. तेवढंच.

दोन तृतीयांश रात्र
म्हणजे किती वाजेपर्यंत, हे कोणी विचारलं नाही.

बॅच सुटल्यावर दाराशी थांबली.
तपासून घेऊ का सर?
म्हटलं, घे. पण मग संभाव्यता उरत नाही,
एक उरतो, नाही तर शून्य.
तिनं दप्तर खांद्यावर नीट केलं.
"मंग सीईटी होऊ द्या.
तोवर तीनात दोनच राहतो मी."

सायकलची चेन पडली होती.
बसवली, हात भिंतीला पुसले, गेली.