नेम

पहाटे साडेचार. क्लाक्सविकच्या बंदरात
मासळीच्या कारखान्याचा दिवा तेवढा जागा.
माझी पाळी सहाला.
तोवर टेबलाशी मी, कॉफी,
आणि हायनीचं बायबल :
खाऱ्या हवेनं फुगलेलं, पाठीला चिकटपट्टी,
पानांना अजून डिझेलचा वास.

छत्तीस वर्षं ते बोटीवर होतं.
मी त्याला वाचताना कधी पाहिलंच नाही.
दफनाच्या दिवशी खलाशांनी सांगितलं,
टोप्या हातात चुरगळत :
जाळं टाकायच्या आधी रोज पुस्तक उघडायचा.
वादळ असो, काही असो.
एक दिवस चुकला नाही म्हातारा.

म्हणून मीही नेम धरला.

पहिल्या आठवड्यात तीन दिवस झोपेनं जिंकले.
दुसऱ्यात वाचलं, पण नुसत्या डोळ्यांनी;
मन बहिणीशी झालेल्या मेंढीच्या भांडणात.
सभेतली आर्मगार्ड म्हणाली, वही घाल,
वाचून झालं की दोन ओळी लिही,
मनात काय उमटलं ते.
वहीत उमटलं ते असं :
सोमवार. काही कळलं नाही.
मंगळवार. जनावरांचे नियम. बोटं दुखतात.
गुरुवार.
गुरुवारपुढे कॉफीचा गोल डाग.

सशांच्या मोसमात हायनी नेम धरायचा
तेव्हा श्वाससुद्धा थोपवायचा.
एक गोळी, एक ससा.
माझा नेम बसला तर बसला,
नाहीतर सगळं डोंगराला.

मार्चमध्ये नावांची यादी लागली.
अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा आणखी कुणी,
पट्ट्यावरून सॅमन सरकावेत तशी नावं,
सगळी सारख्याच डोळ्यांची.
पान उलटणार, तर समासात
पेन्सिलीची बारीकशी तारीख.
मागच्या पानांवरही होत्या की!
मी त्यांना किड्यांची घाण समजले होते.
रोजची एक. रोजची एक.
आणि इथे, यादीच्या मधोमध,
'मुलगा' या शब्दाशी :
तीन फेब्रुवारी.
खाली, त्याच शब्दाशी :
एकोणीस ऑक्टोबर.

साल लिहिलेलं नव्हतं. लागलंही नाही.
तीन फेब्रुवारीच्या दुपारी
आमचा रोई धक्क्यावरून घसरला.
नऊ वर्षांचा. नवे बूट, एक नंबर मोठे,
मीच घेतले होते.

साडेआठ महिने.
खलाशी खोटं कशाला बोलतील?
तो बसतच असेल रोज, त्यांच्या देखत,
पुस्तक उघडून, त्याच ओळीवर बोट ठेवून,
आणि बोट पुढे सरकत नसेल.

घरी आला की कुंपण दुरुस्त करायचा,
धड असलेलंसुद्धा.
एक शब्द नाही, एक टिपूस नाही.
मी त्याला दगड म्हणाले होते. तोंडावर.
तो म्हणाला, खिळे संपलेत.

ऑक्टोबरात काय झालं, देव जाणे.
समासात काही लिहिलेलं नाही.
वीस तारखेला पुढचं नाव आहे,
एकवीसला त्याच्या पुढचं.

त्या दिवशी वहीची चार पानं भरली.
काय लिहिलं ते आर्मगार्डला दाखवायचं नाही.
पाळीला उशीर झाला, मुकादम ओरडला,
मी हातमोजे चढवले.

आज सहावा दिवस. मी अजून त्याच शब्दाशी.
पुढचं नाव उच्चारायला जड आहे, पण येईल.
खिडकीशी वारा, बशीत अर्धा पाव.
हायनी, निदान मला तरी बोट दाखवायचंस.

भोंगा झाला.
बूट घालते आहे.
पुस्तक मिटत नाही,
तसंच उघडं ठेवून निघते.