केसाचा कल

अण्णांनी छत्तीस वर्षं केस झाडले
नाना पेठेत, दोन खुर्च्यांच्या दुकानात.
संध्याकाळी सुपलीभर गोळा व्हायचे,
काळे, मेंदीचे, मधूनच एखादं जावळ,
फुंकलं तर उडेल असं.
मी पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर,
उंदरांच्या पाठी भादरतो.

"म्हणजे धंदा तोच," अण्णा म्हणाले
आणि इतके हसले की गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा
त्यांना उचलून धरावा लागला.

तोच. फक्त आमच्याकडे वहीत तारीख लिहितात.
मशीन फिरवलं की खालची कातडी दिसते:
गुलाबी असेल तर केस झोपलेत,
करडी पडली तर आत रंग कालवणं सुरू झालं.
अंगावर काटा आणणारा बारीक स्नायू
केसाला जिथे धरून असतो,
तिथे एक फुगवटा आहे, आणि फुगवट्यात
काहीच न करणाऱ्या पेशी.
"थांबणं हेच त्यांचं काम," नाडगौडा मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या.
"सगळ्याच धावत सुटल्या तर तिशीत टक्कल."
मी एकोणतीस वर्षांचा होतो.
सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते.

पेशींना रविवार कळत नाही.
गुलाबी पाणी, सदतीस अंश, दिवसाआड.
वीज गेली की आधी इनक्युबेटर रडतो,
मग जिन्यावर शबनमच्या चपला वाजतात,
सगळ्यात शेवटी जनरेटर.
कर्वे रोडच्या एका क्लिनिकातून
स्कूटरवर बर्फाची पेटी येते:
कुणा नवरदेवाच्या मानेवरून काढलेले,
पुढे लावून उरलेले अकरा केस.
लग्न डिसेंबरात आहे म्हणे.
आम्ही अकरांना नंबर देतो,
नवरदेवाचं नाव विचारत नाही.

मग जखमेचं काम आलं.
जखम झाली की त्या झोपाळू पेशी उठतात,
केस सोडून वर चढतात,
उघड्यावर कातडी होऊन बसतात,
आणि बहुतेक परत जात नाहीत.
अण्णांच्या डाव्या मनगटावर, बंबाच्या वाफेनं भाजलेला
चकचकीत पट्टा आहे.
तिथे काही उगवत नाही.
लहानपणी त्यावरून बोट फिरवत मी झोपायचो.

बेचाळिसावा दिवस. उंदीर सतरा.
पिंजरा बदलताना लिंबाजी म्हणाला,
"ह्याला काहीतरी चिकटलंय, बघा."
कापूस असेल म्हणून चिमट्यानं ओढलं.
उंदरानं अंग चोरलं.

कापूस नव्हता.
वणाच्या ऐन मध्यावर
एक केस.
पांढरा.

शबनमनं तीनदा पाहिलं, चौथ्यांदा नुसतीच बसून राहिली.
"एका केसावर पेपर होत नाही," मॅडम म्हणाल्या
आणि अर्धा तास भिंगावरून डोळा काढला नाही.

रात्री मनपाला उतरून चालतच दुकान गाठलं.
शटर अर्धं पडलेलं.
अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
पांढरा का, हे विचारतील असं वाटलं होतं;
माझं उत्तर तयार होतं,
रंगाच्या पेशी त्या वाटेनं आल्याच नाहीत.
त्यांनी मोबाईलच्या काचेवर अंगठा ठेवला,
गिऱ्हाइकाचा गाल चाचपतात तसा
खालून वर नेला, मग उलटा.
"कल कुणीकडे आहे?"
"म्हणजे?"
"बाकीचे सगळे शेपटीकडे झुकलेत.
हा मधेच उगवला, ह्याला कुणी सांगितलं
कुणीकडे झुकायचं ते?"

आठ महिने, चार माणसं, एवढी भिंगं.
कुणीच विचारलं नव्हतं.

मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो, वही उघडली.
अण्णा केरसुणी घेऊन
माझ्या पायांभोवतीचं झाडत राहिले.