काठाबाहेरची अक्षरं

माझ्याकडे नाणं एकही नाही.
हे आधीच सांगतो, कारण लोक येतात
आणि खुर्चीत टेकायच्या आत कपाटाच्या कुलपाकडे बघतात.
कपाटात कागद आहे.
एकशे बारा कॅटलॉग, जुन्या लिलावांचे,
विकून झालेल्या वस्तूंच्या याद्या.
सुनंदा म्हणते, दुसऱ्यांच्या घरच्या उठलेल्या पंगती.

वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं काढली.
गणपती पेठेत वजनांवर शिक्के मारले,
यार्डात हळदीचे काटे तपासले,
तेव्हापासूनची खोड, आकडा दिसला की थांबायचं.
*तांबं. ११.३४ ग्रॅम. काठाला खाच. लॉट २१४.*
कुठल्यातरी थंड गावात कुणीतरी
आपल्या कृष्णाकाठची शिवराई
इतक्या निगुतीनं तोलली होती.
आणि समासात, दुसऱ्याच कुणाचं पेन्सिलीतलं अक्षर:
विक्रीची किंमत, खाली एक रेघ,
रेघेखाली 'महाग'.

सराफ कट्ट्यावरचा देवाप्पा आवटी हसतो.
त्याच्या आज्यानं शिवराया मणावर घेतल्या,
तांबटाला घातल्या, त्यांचे हंडे झाले.
पुढं हंड्यांचीही मोड झाली.
त्यातल्या एखादीचा फोटो
माझ्या कपाटात असेल, म्हटलं.
तो म्हणाला, फोटोला मोड येत नाही, साहेब.

नाणं लहान, ठसा मोठा.
टाकसाळीतला माणूस घाईत असणार,
घाव कधी डावीकडं पडला, कधी वर.
एकीवर 'श्री' आहे तर 'शिव' नाही,
एकीवर 'राजा'चा शेवटचा काना
काठावरून खाली पडलेला.
सगळी अक्षरं अंगावर घेतलेली एकही शिवराई
मला कुठल्याच पानावर भेटली नाही.

म्हणून ट्रेसिंग पेपर घेतला.
एका लिलावातून डावी बाजू,
तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्यातून माथा,
एका फाटक्या पानावरून नुसती वेलांटी.
एकाच ठशाची तेवीस नाणी, तेवीस मालक,
कुणी कुणाला ओळखत नाही,
ओळखत असते तर भांडले असते.
पाच वर्षांनी सगळी अक्षरं एका कागदावर आली.
ठसा केव्हाच गंजून गेला असेल.
मी तो कुणालाच दाखवला नाही. कुणाला दाखवणार?

मग एकोणीसचा ऑगस्ट.
आयर्विन पुलाचे फूट आम्ही रेडिओवर मोजले
आणि मग जिन्याच्या पायऱ्यांवर.
ट्रेसिंग पेपरचा लगदा झाला.
गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली
ती सुनंदानं उलथन्यानं सोडवली,
गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवली.
तीच, पंगतीवाली.

लॉट २१४चं पान सुटलं तेव्हा
समोरच्या कोऱ्या पानावर
शिवराईची शाई उतरली होती.
उलटी.
टाकसाळीतला माणूस पहाटे कामावर बसायचा
तेव्हा त्याला दिसायची तशी.

"तुम्ही पाच वर्षं केलंत ते नदीनं दोन दिवसांत केलं."
मी भिंग लावून बघितलं.
अर्धंच होतं. 'शिव' नव्हतं.
काठाबाहेरचं नदीलाही ठाऊक नव्हतं.

कपाटाला अजून गाळाचा वास आहे.
शाईतले आकडे फुटले,
पेन्सिल मात्र पाण्याला बधली नाही.
परवा विश्रामबागेतून नवा ट्रेसिंग पेपर आणला,
बारा रुपयाला एक.
सुनंदानं पावती वाचली, उन्हात धरून,
आणि म्हणाली,
महाग.