उरलेली लोकर

माइमू डॉक्टर नव्हती. तार्तूत, टेकडीवरच्या गोल इमारतीत
ती हाडं उकळायची, घासायची,
ऊन असलं तर खिडकीत वाळत घालायची.
शिकवायचे प्राध्यापक. समजायचं मात्र तिच्याकडे.

पहिल्या वर्षी तिनं माझ्या हातात कवटी दिली, उपडी करून,
पाव भाजलाय का ते बघायला बुडावर टिचकी मारतात ना, तशी.
"वरून सगळ्या सारख्याच. बुडाकडून बघ."

बुडाला नुसती भोकं.
मला वाटलं, कीड लागलीय.
ती हसली नाही. एप्रनच्या खिशातून लोकर काढली,
हातमोजे विणून उरलेली, वीत-वीतभर, तीन रंगांची,
आणि बोथट सुई.

"हे गोल. यातून पिवळा. गाल, वरचे दात.
हे लांबट. पुन्हा पिवळा. चावणं.
काट्याशेजारचं बारीक, त्यात तांबडा. हा आतून फुटला
तर माणूस उठून बसतो, बोलतो, आणि रात्री मरतो."
मधल्या मोठ्या भोकात तिनं वेणीच घातली, तीन पेडांची,
आणि खाली लोंबू दिली.

नाकाच्या छताला चाळण. तिथे लोकर शिरेना.
माइमूनं डोक्याचा रुमाल मागे सारला,
एक केस उपटला, पांढरा,
दिव्याशी धरून ओवला.
"वास एवढाच जाड असतो."

उरलं एक. वेडंवाकडं, कडा उसवलेल्या.
लॅटिनमध्येसुद्धा त्याला फाटकंच म्हणतात.
मी सुई पुढे केली, तिनं मनगट धरलं.
"हे भोक नाहीच. जिवंतपणी इथे कूर्चा असते, बूच मारल्यासारखी.
धमनी वरून निघून जाते.
मेल्यावर बूच कुजतं, मग दिसतं.
परीक्षेत सगळे इथेच चुकतात."

त्या फेब्रुवारीत एंडेलचं तोंड वाकडं झालं.
मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचे, हियुमा बेटावरून आलेली.
एंडेल खिडक्यांना काचा बसवायचा, शिट्टी वाजवत,
बायकोचं एका कानानं ऐकायचा, दुसऱ्यानं सोडून द्यायचा.
ती म्हणायची, मी शेकडो डोकी उघडून बघितलीत,
एका कानातून दुसऱ्यात वाट नाही.
मग जातं कुठे सगळं?

इस्पितळात नर्सनं नाकातून नळी घातली. दोनदा चुकली.
माइमू भिंतीशी उभी. "वर नको, मागे ने. टाळूच्या रेषेत.
आता गिळ, एंडेल."
गिळता येत नव्हतं.
म्हणूनच तर नळी.

त्या रात्री पाणी प्यायला खाली गेले,
तर स्वयंपाकघरात टेबलावर टॉवेल, टॉवेलवर कवटी.
मोठ्या भोकाच्या बाजूचं, गळ्याच्या शिरेचं भोक.
निळा धागा, त्याला चिकटून तीन पिवळे,
नववी, दहावी, अकरावी,
एका दारात दाटीवाटीनं.
अडलेलं तिथे नाही, वर आहे, मेंदूत,
हे तिला माझ्याआधी माहीत.
तरी धागा मागे ओढायची, पुढे ढकलायची,
पुन्हा मागे.
मी पाणी न पिता वर गेले.

एप्रिलमध्ये नदीचं बर्फ तडकलं, त्याचा आवाज घरात यायचा.
एंडेल उशीला टेकून. चमच्याच्या टोकावर
ब्लूबेरीचा घट्ट रस, बोटभर नाही, नखभर.
कंठमणी वर गेला.
थांबला.
माइमूचा चमचा हवेत.
खाली आला.
मग जोराचा खोकला, चादरीवर जांभळे ठिपके.
मी फडकं घ्यायला धावले. "खोकू दे," ती म्हणाली,
"दार लागतंय अजून."

तिनं दुसरा चमचा भरला.

पुढल्या हिवाळ्यात त्याला नवे हातमोजे.
पिवळी लोकर पुरली नाही, बरीचशी कवटीतच राहिली होती,
आणि ती काढायची तिनं मला मनाई केली होती.
उजव्या हाताचा अंगठा निळा.
एंडेल दारात उभा राहून तो अंगठा
येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा,
अर्धवट शब्दांत तक्रार करायचा,
आणि ती ऐकून सोडून द्यायची.