हिरवी पेन्सिल

मंगळवारी सातला, ग्रिम्झबीच्या मेथडिस्ट हॉलच्या मागच्या खोलीत
मी हीटर लावते, अकरा खुर्च्या मांडते
आणि हिरवी पेन्सिल तासते.
लाल नको. लाल शाईने
इथल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कचेरीत
एकदा तरी नाही म्हटलेलं आहे.

सगळे थेट मासळीच्या कारखान्यातून येतात.
बोटांना हॅडॉकचा वास, वह्यांनाही.
दाइवाच्या लिथुआनियनमध्ये 'द' हा शब्दच नाही,
म्हणून ती तो मिठासारखा वरून भुरभुरते,
कुठे पडेल तिथे.
रेबवार 'सिन्स' आणि 'फॉर'मध्ये अडकतो.
मी सांगते, 'सिन्स'ला खुंटा लागतो,
एक नेमका दिवस, जमिनीत ठोकलेला.
'फॉर'ला नुसता दोर पुरतो.
तो म्हणतो, दिवस आठवतो,
पण तो मला लिहायचा नाही.
बरं, मग दोर घे.

आणि लेतेब्रहान.
ही वर्क, शी वर्क, माय सन कॉफ.
तिच्या क्रियापदांना मी 'एस'च्या शेपट्या लावत बसते.
खरं तर मला हे कुणी शिकवलेलं नाही.
एकतीस वर्षं बस डेपोत तिकिटांचा हिशेब,
आणि घरी मीही 'वुई वॉज'च म्हणते,
गोदीत राबलेल्या बापाच्या तोंडचं.
वर्गात येताना ते कोटाबरोबर
खुंटीला टांगून ठेवते.

नोव्हेंबरात तिने पत्र आणलं, काउन्सिलला लिहिलेलं.
पहिलंच वाक्य: वॉल इज क्राय.
पेन्सिल थांबली.
व्याकरणाने ते चूक होतं. बाकी कशानेच नाही.
तरी मी खोडलं.
लिहिलं, उत्तरेकडच्या भिंतीला ओल आलेली आहे.
मुलाच्या खोकल्याला शेपटी, काळ सरळ,
खाली 'आपली विश्वासू'.
एकही चूक उरली नाही, आणि मला बरं वाटलं.
त्याची आता लाज वाटते.

उत्तर जानेवारीत आलं.
दाइवाने मोठ्याने वाचलं, सगळे 'द' जागच्या जागी.
तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.
घराची पाहणी करण्यात आली आहे.
सदर ओल रहिवाशांच्या श्वासोच्छ्वासामुळे
निर्माण होत असल्याचे ठरवण्यात आले आहे.

हीटर टिकटिकत राहिला.
लेतेब्रहानने विचारलं, म्हणजे श्वास बंद करायचा?
कुणी हसलं नाही.
मग म्हणाली, यात चूक कुठे आहे?
मी दोनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर, स्वल्पविराम बरोबर.
म्हटलं, नाही गं, चूक नाही.

आहे, रेबवार म्हणाला.
पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत, वाक्याला कर्ता लागतो.
पाऊस पडला तरी तुम्ही लोक पुढे एक 'इट' उभा करता,
खोटा का होईना.
मग इथे ठरवलं कोणी?

मी पेन्सिल त्याच्या हातात दिली.
त्याने तीन वाक्यांभोवती तीन गोल काढले
आणि समासात तीनदा लिहिलं: कोण?
दुसऱ्यांदा इतकं दाबून, की टोक मोडलं.
मी पुन्हा तासून दिलं.

खाली, रिकाम्या जागेत,
लेतेब्रहानने आपलं जुनं वाक्य लिहिलं,
वॉल इज क्राय.
मी भीत भीत म्हटलं, शेवटी 'आयएनजी' लावू का?
त्याने काय होतं?
म्हटलं, अजून चालू आहे, असं कळतं.
ती म्हणाली, मग लाव.

पाकीट मीच पेटीत टाकलं.
त्याला हॅडॉकचा वास येत होता.
येऊ दे.