फॉल-पिको

तांडापेठेत माझं दुकान केवढं, तर
एक मशीन, एक स्टूल आणि माझे गुडघे.
यामिनी निखारे रोज साडेआठला यायची,
पिशवीत तीच साडी. जांभळी, सोनेरी ठिपक्यांची.
गल्लीला वाटायचं, फॉल लावायला आली.

आशाताई तिच्या दारी गेली
की समोरची दारं एकेक करून लागायची.
म्हणून आमचं हे असं ठरलं.
बॉबिनच्या डब्याखाली गोळ्यांचं पाकीट,
तिच्या नावाचं कार्ड, एक पेन, मूठभर शेंगदाणे.
दोन दुपारी बसून आशाताईनं मला शिकवलं:
गोळी गिळेपर्यंत नजर हटवायची नाही.
दुधासोबत नाही.
"उद्या दोन घेते" म्हणाली तरी नाही.

पहिल्या औषधांना तिचा जंतू दाद देत नव्हता.
डॉक्टरांचा त्याला इंग्रजी शब्द आहे.
मी मनात निगरगट्ट म्हणायची,
आणि उगाच माझी सासू आठवायची.

तिसऱ्या महिन्यात रंग उतरू लागला, म्हणजे चढू लागला.
आधी कपाळ, मग गाल, मग हात,
कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारखे.
बर्डीच्या दुकानात ती साड्या
स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायची.
मालक म्हणाला, काही दिवस गोडाउनात बस.
"काकू, कोणता रंग खुलते मले आता?"
मी म्हटलं, जांभळा.
खोटं बोलले का, ते अजून ठरवलं नाही.

घरात खिडकी एकच, आणि तिच्यात कूलर.
आशाताई सांगून गेली, कूलर चालू, दार उघडं.
दार उघडं ठेवलं की शेजारचे धकाते ओरडायचे,
तुमची हवा आमच्या घरात येऊन राहिली.
दार लावलं की आत चार वर्षांचा भाऊ.
आईनं दार उघडंच ठेवलं.
धकात्यांनी पडदा लावला. मग दुसरा लावला.
मग उन्हानं त्यांचाच जीव कासावीस झाला,
आणि दोन्ही पडदे वर गेले.

मेमध्ये ती एका पायात चप्पल घालून आली.
"कुठी पडली, कळलंच नाही काकू."
नाईक तलावापासून इथवर, त्या डांबरावरून.
मी तिचा तळवा वर केला.
तिनं पायाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं,
आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं
की पाय भाजलाय.

त्या दिवशी पाकीट उघडलं नाही.
शटर ओढलं, ऑटो केला, मेयो.
छातीला चिकटपट्ट्या लावून कागद काढला,
रक्त घेतलं, एक गोळी कमी केली.
बाकीच्या चालू.
परतताना ती म्हणाली, सोडून देऊ का?
मी काहीच बोलले नाही.
ऑटोवाल्यानं रेडिओ मोठा केला.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघाली.
खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!
सगळी गल्ली घशाच्या शिरा ताणून ओरडत होती.
यामिनी मशीनच्या आड उभी राहिली,
मास्कच्या आतून तीही ओरडली. एकदाच.
दुसऱ्या दिवशी साडेआठला आली.
मारबत जळून गेली होती.
आम्ही गोळ्या मोजल्या.

त्यानंतरचं सगळं कार्डावर आहे.
बरोबरच्या खुणा, दर महिन्याची थुंकीची डबी,
आणि फेब्रुवारीत चार दिवस रिकामे,
जेव्हा ती छतावर बसून होती आणि खाली येत नव्हती.
त्या चार दिवसांवर मी पेन टेकवलं नाही.

शेवटचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी म्हटलं,
आण ती साडी, आता खरंच फॉल लावून देते.
घडी उघडली.
अठरा महिने पिशवीत फिरून
साडी घडीवरच विरली होती.
आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली.
तळवे अजून बधिर आहेत.
रंग उतरेल म्हणतात, सावकाश.

सोमवारी शटर उघडलं तर
पायरीवर एक पोट्टं उभं, हातात पँट.
आशाताईनं पाठवलं म्हणाला.
मग इकडेतिकडे पाहून, मोठ्यानं,
"उंची कमी करायची हाय."
मी पँट त्याच्या कमरेला लावून पाहिली.
बरोबर होती.
ठेव, म्हटलं. उद्या साडेआठला ये.