हातचा

स्टॉकपोर्टला, श्रवणयंत्रांच्या दुकानावर,
अरुंद जिना चढून गेलं की टॅटरसॉलबाईंचं ऑफिस.
पहिला अर्धा तास फुकट,
पुढे मिनिटाला तीन पौंड.
म्हणून रडायचं ते मी खाली बसस्टॉपवरच उरकून आले होते.

काय हवंय तुम्हाला, बाईंनी विचारलं.
घर. पाठ करूनच आले होते.
बाकी त्याला काय घ्यायचं ते घेऊ दे.
मागच्या काचखोलीत कढीपत्ता आहे,
एकोणीस हिवाळे काढलेत त्यानं.
बाईंनी लिहून घेतलं,
कढीपत्त्याचं स्पेलिंगसुद्धा विचारलं.

मग पिशवीतले कागद टेबलावर आले:
बारा महिन्यांची बँकेची पत्रकं, गॅसची बिलं,
आणि श्रीरंगच्या कपाटात सापडलेलं पेन्शनचं पत्र,
जे मी तीनदा वाचलं
आणि तिन्ही वेळा होतं तसं घडी घालून ठेवलं.

महिन्याला स्वतःवर किती खर्च करता?
केस, कपडे, कुठे जाणं-येणं?
किराणा मी पेनीपेनीनं सांगितला असता,
अन्वयाच्या पियानोची फीसुद्धा, दर वर्षी कितीनं वाढली ते.
पण त्या रकान्यावर
बाईंचं पेन नुसतं टेकून राहिलं.
तीन पौंड.
सहा पौंड.

पाचशे पौंडांवरच्या वस्तू? दागिने धरून.
पाटल्या आहेत, म्हटलं, पण त्या आईच्या.
तिनं दिल्या ना? मग तुमच्या. लिहायच्या.
इथे कुणीच काही लपवायचं नाही, त्यांनीही आणि तुम्हीही.
इतक्या सहज 'तुमच्या'
बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

पत्रावरचा आकडा घरापेक्षा मोठा निघाला.
सव्वीस वर्षं तो रेल्वेच्या सिग्नलांत,
मी शाळेच्या कँटीनमध्ये, रोजचे चार तास,
पोरगी घरी यायच्या आत परत.
घरात राहता येतं, बाई म्हणाल्या,
घर खाता येत नाही.
छप्पर गळलं की तेच तुम्हाला खातं.

कागद माझ्याकडे फिरवला. तुम्हीच मांडा.
मी मांडलं, ओठातल्या ओठात, शाळेत शिकवलं तसं:
आठ न् सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.
वर कोपऱ्यात बारीकसा काढला.
बाई वाकून बघत म्हणाल्या, आम्ही ह्याला पुढे वाहून नेतो.
आम्ही हातात ठेवतो, मी म्हटलं.
आणि विसरलात तर?
तर बेरीज चुकते. तपासणाऱ्यालाच कळते,
ज्याची चुकते त्याला नाही.

ठरलं काहीच नाही.
अजून एक तज्ज्ञ लागेल, पेन्शनची किंमत काढणारा,
मग वकील, मग कोर्ट, मग कदाचित अर्धं.
घराबद्दल, बाई म्हणाल्या, आज बोलू नका.

सत्तेचाळीस मिनिटं वरची. एकशे एक्केचाळीस.
कार्ड माझ्या नावाचं, नवं.
पिन दाबताना लक्षात आलं,
ती अजून त्याचीच जन्मतारीख आहे.

एकशे ब्याण्णव नंबरच्या बसमध्ये वरती जागा मिळाली.
पावती दोनदा वाचली.
बाकी सगळा वेळ मी
त्या कुंडीच्या वजनाचा अंदाज घेत होते,
जिन्यावरून एकटीला न्यायची झाली तर
मातीसकट उचलेल का.